महाविद्यालयातला डिस्लेक्सिया आणि इतर अध्ययन-अडचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत गोष्टी, मग परीक्षा आणि अभ्यास, शेवटी अपवाद आणि अवघड प्रसंग. परीक्षेच्या सवलतींची नेमकी मर्यादा आणि लागणारी कागदपत्रं देशागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतात, ती आपल्या परीक्षा विभागाकडूनच लेखी घ्यावीत.

१. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं ना?

नाही. डोळ्यांना अक्षर नीटच दिसतं. अडतं ते अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड झटकन बसण्यात. त्यामुळे वाचन सावकाश होतं, शुद्धलेखन कच्चं राहतं आणि नवा शब्द दहाव्यांदा आला तरी फोडून फोडूनच वाचावा लागतो. लहान वयात अक्षरं उलटी लिहिणं बहुतेक मुलांकडून होतं, तेवढ्यावरून निदान होत नाही. 'डिस्लेक्सिया' हे नाव १८८७ मध्ये एका नेत्रतज्ज्ञानेच, जर्मनीच्या रुडॉल्फ बर्लिन यांनी, प्रचारात आणलं. कदाचित म्हणूनही ही डोळ्यांची तक्रार असल्याचा समज इतका चिवट आहे.

महाविद्यालयीन वयात दिसणारी लक्षणं वेगळी असतात. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. प्रश्नातला 'नाही' किंवा 'वगळता' नजरेतून सुटतो. फळ्यावरचं उतरवून घेताना बोलणं ऐकू येत नाही, ऐकत बसलं तर उतरवून घेणं राहतं. तोंडी उत्तर उत्तम येतं, तेच लिहिताना अर्ध्यावर येतं. बुद्धिमत्तेशी याचा संबंध नाही. १८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी वाचता न येणाऱ्या ज्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली, तो इतर सर्व बाबतींत हुशार होता, हेच त्या नोंदीचं मर्म होतं.

२. डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया, एडीएचडी... यातलं नेमकं काय कुठे लागू होतं?

डिसग्राफियात लिहिण्याची क्रिया अडते: अक्षर अवाचनीय, हात लवकर दुखतो, वाक्य डोक्यात तयार असतं पण कागदावर येता येता तुटतं. डिसकॅल्क्युलियात संख्यांची जाण कच्ची असते: आठ आणि साताची बेरीज दर वेळी नव्याने करावी लागते, मोठ्या संख्येत शून्यं किती हे चुकतं. डिस्प्रॅक्सियात हालचालींचा मेळ बसत नाही आणि त्याचा त्रास प्रयोगशाळेत जास्त जाणवतो. एडीएचडी ही अध्ययन-अक्षमता नव्हे, लक्ष आणि नियोजन यांच्याशी निगडित वेगळी स्थिती आहे, पण डिस्लेक्सियासोबत ती वारंवार आढळते.

डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-नियमावलीत वाचन, लेखन आणि गणित यांतल्या अडचणी 'विशिष्ट अध्ययन विकार' या एकाच शीर्षकाखाली आल्या आहेत. कोणत्या भागात अडचण आहे ते तिथे स्वतंत्रपणे नोंदवायचं असतं, आणि मदत ठरवताना ही नोंदच कामाला येते. नुसतं 'एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन-अक्षमता) आहे' एवढ्यावरून कोणती सोय द्यायची हे कोणालाच कळत नाही.

३. शाळेत चांगले मार्क होते. मग कॉलेजात अचानक हे कुठून आलं?

अचानक आलेलं नसतं, झाकलेलं उघडं पडतं. शाळेत धडे लहान असतात, घरी कुणीतरी वाचून दाखवतं, तेच ते प्रश्न येतात आणि पाठांतर साथ देतं. महाविद्यालयात आठवड्याला दीड-दोनशे पानं आली की हे आधार पुरत नाहीत. डीएसएम-५ मध्येही हे स्पष्ट आहे: अडचणीची सुरुवात शालेय वयातली असते, पण अभ्यासाचा भार क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसेलच असं नाही.

मराठीतून शिकलेल्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच पक्कं आहे. डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी मराठी बहुतेक बरोबर वाचतो, फक्त हळू वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, रफार आणि व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारायची पहिली वेलांटी इथे थोडा घोटाळा होतो, तो 'निष्काळजीपणा' म्हणून सोडून दिला जातो. इंग्रजीत तोच स्वर पाच तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे उच्च शिक्षण इंग्रजीतून सुरू झालं की तीच अडचण चुकांच्या रूपाने वर येते. मग सगळे म्हणतात, 'इंग्रजी कच्चं आहे'. फरक ओळखण्याची एक खूण: मराठीतही वाचनाचा वेग कमी आणि शुद्धलेखन डळमळीत असेल, तर प्रश्न फक्त भाषेचा नाही.

४. वीस-बावीसाव्या वर्षी तपासणी होते का? त्यात काय करतात?

होते. कोणत्याही वयात होते. ती अध्ययन-अक्षमतेचा अनुभव असलेल्या मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी. आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, नाहीतर पुढची सगळी तपासणी शंकास्पद ठरते.

तपासणीला साधारण दोन ते चार तास लागतात आणि ती दोन बैठकींत घेता येते. लहानपणापासूनचा इतिहास, वेळ लावून केलेलं वाचन, अर्थहीन शब्दांचं वाचन, शुद्धलेखन, मुक्तलेखन, चित्रं किंवा आकडे झरझर ओळखणं, कार्यस्मृती (काम करताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं) आणि बौद्धिक क्षमता असे भाग असतात. अर्थहीन शब्द मुद्दाम घेतात, कारण ओळखीचे शब्द मोठी माणसं पाहताच ओळखून मोकळी होतात. वेळ न लावता घेतलेली वाचनचाचणी या वयात फसवी निघते: अचूकता ठीक येते आणि 'काही नाही' असा अहवाल मिळतो. तुमच्या अहवालात वेगाची नोंद नसेल तर ती मागा. दोन भाषांत शिकला असाल तर दोन्हींत तपासणी व्हायला हवी.

सोबत जुनी प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे आणि स्वतःच्या हस्ताक्षरातल्या उत्तरपत्रिका न्या. १७ वर्षांवरील व्यक्तीसाठी अडचणींचा कागदोपत्री इतिहास प्रमाणित चाचणीच्या जागी धरण्याची मुभा डीएसएम-५ देते. परीक्षा विभाग ते मान्य करेलच असं मात्र नाही. संगणकावरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्या शंका घ्यायला पुरेशा आहेत, निदानाला नाहीत.

५. अहवाल हातात आला. आता पहिलं काय करायचं?

सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज करा. सगळ्यात जास्त सवलती नियमांमुळे जात नाहीत, उशिरामुळे जातात. परीक्षेच्या आठवडाभर आधी वेगळी खोली, पर्यवेक्षक आणि लेखनिक उभे करणं कुठल्याही परीक्षा विभागाला जमत नाही.

अर्जात निदानाचं नाव एका ओळीत पुरे. बाकी जागा अडचण आणि मागणी यांची जोडी लावण्यासाठी वापरा. उदाहरणार्थ: 'माझा वाचनाचा वेग कमी असल्याने प्रश्नपत्रिका वाचण्यातच वेळ जातो, म्हणून वाढीव वेळ हवा. लांब लेखनात अक्षर अवाचनीय होते, म्हणून संगणकावर उत्तरे लिहिण्याची परवानगी हवी.' प्रत्येक मागणीपुढे अहवालातलं पान लिहा. अर्जाची पोच घ्या. मंजुरीचं पत्र लेखी घ्या आणि त्याची एक प्रत प्रत्येक परीक्षेला जवळ ठेवा, कारण वर्गावर आलेल्या पर्यवेक्षकाला बहुतेक वेळा काहीच माहीत नसतं.

अहवालाच्या शेवटी 'सर्व शक्य सवलती द्याव्यात' असं मोघम लिहिलेलं असेल तर अहवाल देणाऱ्याकडे परत जा आणि नेमक्या शिफारशी मागा. मोघम शिफारस हे नकाराचं सर्वांत सोपं निमित्त असतं.

६. वर्गातल्या सरांना, मॅडमना सांगायलाच हवं का?

निदान काय आहे हे सांगायची सक्ती नसावी. प्राध्यापकाला हवी असते ती फक्त कृती: काय करायचं, कधी करायचं. 'मला वाचायला जास्त वेळ लागतो. स्लाइड्स आदल्या दिवशी मिळाल्या तर तास नीट कळतो' एवढं पुरतं. हे तासाच्या आधी दारात सांगू नका, दोन ओळींचा ईमेल करा, म्हणजे त्यांच्याकडेही नोंद राहते.

प्राध्यापकांना आग्रहाची विनंती: ही माहिती वर्गासमोर, हजेरी घेताना किंवा 'ज्यांना जास्त वेळ मिळतो त्यांनी हात वर करा' अशा पद्धतीने कधीही काढू नका. एकदा असं झालं की ते विद्यार्थी पुढच्या सत्रात सवलत मागायलाच येत नाहीत.

७. वाढीव वेळ किती मिळतो? आणि मला किती हवा हे कसं ठरवायचं?

२५ टक्के हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला ४५ मिनिटं. काही नियमांत तासाला २० मिनिटं असं धरतात, तेव्हा तोच पेपर चार तासांचा होतो. तीव्र अडचणीत याहून जास्तही मागता येतो, पण त्याला पुरावा लागतो.

तो पुरावा घरी तयार होतो. जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि ठरलेल्या वेळेत निळ्या शाईने सोडवा. वेळ संपली की थांबू नका, लाल शाई घ्या आणि पूर्ण होईपर्यंत लिहा. नंतर पाहा: लाल शाईत किती मिनिटं गेली आणि किती गुण मिळाले? असे तीन पेपर झाले की आकडा समोर येतो. लाल शाईत काहीच भर पडली नसेल तर अडचण वेळेची नाही, आठवण्याची किंवा मांडणीची आहे आणि तिथे वेगळी मदत हवी (प्रश्न १० आणि १२ पाहा).

वाढीव वेळेचा तोटाही लक्षात ठेवा. चार तास सलग बसल्यावर शेवटच्या तासात चुका वाढतात. एडीएचडी असलेल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना जादा मिनिटांपेक्षा घड्याळ थांबवून दिलेली पाच-दहा मिनिटांची विश्रांती अधिक उपयोगी पडते. ही वेगळी सवलत आहे, वेगळी मागावी लागते. एका दिवशी दोन पेपर असतील तर वाढीव वेळेमुळे मधली सुट्टी खाल्ली जाते. तेव्हा वेळापत्रक आल्याबरोबर बदल मागा.

८. लेखनिक घेऊ, वाचक घेऊ की संगणक?

जे काम अडतं त्याप्रमाणे ठरवा. वाचन अडत असेल तर वाचक किंवा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. लिहिणं अडत असेल तर आधी संगणकाचा विचार करा, मग लेखनिकाचा. संगणकावर विद्यार्थी स्वतः खोडतो, हलवतो, पुन्हा वाचतो, त्यामुळे उत्तराचा ताबा त्याच्याकडेच राहतो. मात्र टायपिंगचा वेग हाताच्या वेगापेक्षा कमी असेल तर संगणक नुकसानच करतो. म्हणून एक सत्रभर आधी रोज पंधरा मिनिटं सराव लागतो, देवनागरी टंकलेखनाला तर थोडा जास्तच.

लेखनिकाला उत्तर सांगणं हे शिकावं लागणारं कौशल्य आहे, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. विद्यार्थी बोलतो, लेखनिक मागे पडतो, विद्यार्थी थांबतो आणि विचार तुटतो. परीक्षेआधी त्याच लेखनिकासोबत निदान तीन-चार पूर्ण पेपर करा. कच्च्या कागदावर मुद्द्यांचे शब्द स्वतः लिहून घ्या, मग वाक्यं सांगा. पूर्णविराम, नवा परिच्छेद, अधोरेखित हे मोठ्याने सांगायची सवय लावा. विषयातले खास शब्द लेखनिकाला लिहिता येतात का, हे आधी पाहा. आकृती कोणी काढायची हे मंजुरीपत्रात लिहून घ्या, नाहीतर त्या दिवशी वाद होतो.

वाचकाने प्रश्न जसाच्या तसा वाचायचा असतो. समजावणं, सोपा करून सांगणं, आवाजात सूचक चढ-उतार आणणं हे नियमबाह्य आहे. पुन्हा पुन्हा वाचून घेण्याचा हक्क मात्र विद्यार्थ्याला आहे, त्याबद्दल संकोच करू नये.

९. हा इतर विद्यार्थ्यांवर अन्याय नाही का?

उत्तर एका प्रश्नात आहे: ही परीक्षा नेमकं काय मोजते? इतिहासाचा पेपर इतिहासाची समज मोजतो, मिनिटाला किती शब्द वाचता येतात हे नव्हे. वाचनाचा वेग बाजूला काढला की जे उरतं तेच मोजायचं होतं. गुणदान, अभ्यासक्रम आणि उत्तीर्णतेची पातळी सर्वांना तीच राहते. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, कलम २४ मध्ये, उच्च शिक्षणातही वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकलेली आहे. ही कृपा नव्हे.

या आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे. पेपर इतका लांब असेल की चांगल्या विद्यार्थ्यालाही पुरा होत नाही, तर जादा वेळ कोणालाही फायद्याचाच ठरतो. त्यावरचा उपाय सवलत काढणं हा नसून पेपर नीट काढणं हा आहे. दोन तासांत निवांत सुटेल असा पेपर तीन तासांना ठेवा, वादाचं मूळच जातं.

१०. वाचायचं इतकं असतं की संपतच नाही. काय करू?

सगळं वाचायचं नाही, हे आधी ठरवा. प्राध्यापकांना विचारा: या यादीतलं अत्यावश्यक काय? मग प्रत्येक प्रकरण उलट्या क्रमाने घ्या. शेवटचे प्रश्न, सारांश, उपशीर्षकं, आकृत्या आणि शेवटी मजकूर. काय शोधतोय हे माहीत असलं की हळू वाचनही फळतं.

दुसरं, कानांना कामाला लावा. फोन आणि संगणकात मजकूर वाचून दाखवण्याची सोय बहुतेक आधीच असते. आवाज ऐकत डोळ्यांनी ओळ धरून पुढे जा. सुरुवातीला नेहमीचा वेग ठेवा आणि सरावाने वाढवा. ऐकताना दर पानाला थांबून एक वाक्य स्वतःच्या शब्दांत बोला, नाहीतर आवाज कानावरून जातो आणि हाती काही लागत नाही.

इथे दोन तांत्रिक अडचणी हमखास येतात. पहिली, स्कॅन केलेली पीडीएफ. ती मजकूर नसून फोटो असते, वाचक-सॉफ्टवेअर गप्प बसतं. एखादा शब्द निवडून पाहा. निवडला जात नसेल तर अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, करावं लागेल. जुन्या छपाईतल्या मराठीवर ते जोडाक्षरांत चुकतं, तेव्हा एखादं पान तपासल्याशिवाय पूर्ण पुस्तकावर विसंबू नका. दुसरी अडचण खास मराठीची: 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव' यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी प्रमाण अक्षर-पद्धत, नसतं, म्हणून सॉफ्टवेअर भलतंच काही वाचतं. एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या.

पुस्तकाची वाचता-ऐकता येणारी प्रत मिळवण्याला कायदेशीर आधार आहे. २०१३ चा मराकेश करार ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी आहे आणि त्यात डिस्लेक्सियासारख्या वाचन-अक्षमताही येतात. ग्रंथपालाला हे सांगा.

११. तासात ऐकायचं की लिहायचं?

ऐकायचं. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, पण तासाभराचं मुद्रण पुन्हा पूर्ण ऐकायला कोणाकडेच वेळ नसतो. म्हणून वहीत फक्त शब्द आणि वेळ टिपा: '१२.४० – दोन कारणं', '३१.०० – उदाहरण कळलं नाही'. त्याच दिवशी तेवढेच तुकडे ऐकून पानं भरा. स्लाइड्स आधी मिळाल्या तर त्यांच्या छापील प्रतीवरच टिपणं घ्या. उतरवून घेण्यातला निम्मा भार जातो.

मित्राच्या नोट्स घेण्यात गैर नाही. त्या कोणाच्या घ्यायच्या हे विद्यार्थ्याने निवडावं, आणि शक्य असेल तर विभागाने अशा नोट्स सर्वांसाठीच एका ठिकाणी ठेवाव्यात.

१२. उत्तर माहीत असतं, लिहायला बसलं की सगळं विस्कटतं. यावर काही उपाय?

लिहिताना विचार, क्रम, वाक्यरचना आणि शुद्धलेखन ही चार कामं एकाच वेळी चालतात. ती वेगळी काढा. आधी फोनवर बोलून मुद्दे ध्वनिमुद्रित करा किंवा श्रुतलेखनाने, म्हणजे बोललेलं टाइप करून देणाऱ्या साधनाने, मजकूर उतरवा. मग चिठ्ठ्यांवर एकेक मुद्दा लिहून क्रम लावा. त्यानंतर वाक्यं लिहा, शुद्धलेखनाकडे न पाहता. शुद्धलेखन शेवटी, वेगळ्या दिवशी.

तपासताना स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका, ते जे लिहायचं होतं तेच वाचतात. सॉफ्टवेअरकडून मोठ्याने वाचून घ्या, गळलेला शब्द लगेच खटकतो. 'शिकवले' ऐवजी 'शिकवल', 'दिन' की 'दीन' अशा आपल्या ठरलेल्या दहा-पंधरा चुकांची यादी करा आणि फक्त तेवढ्याच शोधा. क्रम बरोबर आहे का हे पाहायला एक खात्रीची पद्धत आहे: तयार निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका वाक्यात त्याचं म्हणणं लिहा आणि फक्त ती वाक्यं वाचा. जिथे उडी पडते तिथे दुरुस्ती करा.

१३. वर्गात ८० जण आहेत. प्राध्यापक म्हणून मी वेगळं किती करू शकतो?

बऱ्याच गोष्टी सर्वांसाठी एकदाच करता येतात. साहित्य एक दिवस आधी द्या आणि ते निवडता येणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या, फोटो काढून नको. अक्षराचा आकार १२ ते १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, मजकूर फक्त डावीकडून सरळ. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि ओळ हरवते. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि जोडाक्षरं असल्यामुळे १४ च ठेवा. तिरपा टाइप आणि लांबलचक अधोरेखन टाळा, ठळक पुरे. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला नव्या संज्ञांची यादी द्या आणि त्या मोठ्याने उच्चारा.

अचानक नाव घेऊन परिच्छेद वाचायला लावू नका. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला त्या भीतीत पूर्ण तास ऐकू येत नाही.

प्रश्नपत्रिका काढताना एका वाक्यात एकच सूचना ठेवा. 'खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही ते ओळखा' असल्या दुहेरी नकाराने विषयाचं ज्ञान मोजलं जात नाही. प्रश्न एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपू नये. उत्तरपत्रिका तपासताना आशय आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे ठेवा, आणि प्रत्येक चूक लाल करण्याऐवजी वारंवार होणाऱ्या दोनच चुका दाखवा. त्यांवर काम होऊ शकतं.

१४. खास फॉन्ट, रंगीत चष्मे, मेंदूचे व्यायाम यांनी फरक पडतो का?

डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या फॉन्टमुळे वाचन सुधारतं याला पक्का आधार मिळालेला नाही. एखाद्याला तो आवडत असेल तर खुशाल वापरावा. अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवणं बरेचदा जास्त उपयोगी पडतं. रंगीत भिंगं आणि डोळ्यांचे व्यायाम यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात स्पष्ट केलं आहे. डिस्लेक्सिया 'पूर्ण बरा' करण्याची हमी देणाऱ्यावर पैसे घालवू नका. तो आयुष्यभर सोबत राहतो, पद्धतशीर सरावाने वाचन सुधारतं आणि योग्य साधनांनी काम सोपं होतं.

१५. गणित आणि विज्ञान शाखेत वेगळं काय लागतं?

आधी चूक कुठे होते ते शोधा. पायरी माहीत असून एका ओळीवरून दुसरीवर उतरवताना ६ चा ९ झाला, तर ती नकलेची चूक आहे: चौकटीचा कागद, ओळीला एकच पायरी आणि पायऱ्यांना गुण हा उपाय. मूलभूत आकडेमोड अडत असेल तर कॅल्क्युलेटर. सूत्र आठवत नसेल तर सूत्रांची यादी, पण सूत्र पाठ असणं हेच तपासायचं असेल तर ती देता येत नाही. σ आणि δ यांसारखी सारखी भासणारी चिन्हं शिकवताना नावासकट बोलून लिहावीत. वाचक-सॉफ्टवेअर समीकरणं चित्र म्हणून टाकली असतील तर ती सरळ गाळतं, म्हणून समीकरण-संपादकातूनच ती लिहावीत.

१६. एखादी सवलत नाकारणं योग्य ठरेल असं काही असतं का?

असतं. जे कौशल्य मोजायचं आहे तेच सवलतीने बाजूला पडत असेल तर. भाषेच्या पदवीत शुद्धलेखनाचीच परीक्षा असेल तर स्पेलचेकर देता येणार नाही. रुग्णाला औषध देताना नाव आणि मात्रा चुकून चालत नाही, तिथे 'डिस्लेक्सियामुळे सूट' असं काही नसतं.

पण नकारावर काम संपत नाही. परिचर्येच्या विद्यार्थ्याला छापील तक्ता, नावं मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून पडताळणी आणि नोंदी लिहायला शांत जागा देता येते. सुरक्षितता तीच राहते, वाट बदलते. नाकारताना विभागाने कोणतं कौशल्य अत्यावश्यक आहे आणि पर्याय का चालत नाही हे लेखी द्यावं. 'नियमात नाही' हे कारण नव्हे.

१७. दोन विषय राहिल्यावर निदान झालं. जुने गुण बदलतात का?

सहसा नाही. झालेल्या परीक्षेचे गुण नव्या अहवालाने वाढत नाहीत. मागण्यासारखं वेगळं असतं: फेरपरीक्षेत सवलती, प्रयत्नांची मर्यादा असेल तर त्यात शिथिलता, सत्राचा भार कमी करून कालावधी वाढवणं. तपासणीची तारीख मिळाली आहे पण अहवाल यायचा आहे, अशा वेळी त्या तारखेचं पत्र जोडून तात्पुरती सवलत मागा. अहवालात 'सीमारेषेवर' असं आलं तर निराश होऊ नका. प्रश्न ७ मधला दोन शाईंचा पुरावा अशा वेळी जोडावा. निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे तो गेला, तर किमान विचार तरी होतो.

१८. व्याकरण सुधारणारी किंवा एआयची साधनं वापरली तर ती कॉपी ठरते का?

वाचून दाखवणं, श्रुतलेखन आणि शुद्धलेखन तपासणं ही सहायक साधनं आहेत. मुद्दे, युक्तिवाद किंवा परिच्छेद साधनाने तयार करणं हे वेगळं काम आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांत ते विद्यार्थ्याचं लेखन मानलं जात नाही. या दोहोंच्या मध्ये 'वाक्य सुधारून दे' हा प्रकार येतो. त्याबद्दल सत्राच्या सुरुवातीला लेखी विचारा. कच्चे मसुदे आणि ध्वनिमुद्रित मुद्दे जपून ठेवा. श्रुतलेखनाने लिहिलेला आणि सॉफ्टवेअरने सुधारलेला मजकूर नेहमीच्या लेखनापेक्षा वेगळा दिसतो, शंका घेतली गेली तर हेच पुरावे उपयोगी येतात.

१९. ऑनलाइन परीक्षेत सवलत मंजूर होती, तरी वेळ संपल्यावर पेपर बंद झाला. असं का होतं?

कारण बहुतेक प्रणालींत वाढीव वेळ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आणि प्रत्येक चाचणीसाठी वेगळा भरावा लागतो. एकदा मंजूर झाला म्हणून तो सगळीकडे आपोआप लागत नाही. चाचणीच्या दोन दिवस आधी प्राध्यापकांना आठवण करा आणि सुरू करताच पडद्यावरची एकूण मिनिटं पाहा. चुकीची असतील तर पहिला प्रश्न सोडवण्याआधी कळवा आणि पडद्याचा फोटो घेता येत असेल तर घ्या.

आणखी दोन गोष्टी इथे बिघडतात. दुसरं काही उघडू न देणारे परीक्षा-ब्राउझर वाचक-सॉफ्टवेअरही अडवतात, तेव्हा सराव चाचणीत तेच साधन लावून पाहायला मिळालंच पाहिजे. आणि कॅमेऱ्याने होणारी देखरेख ओठ पुटपुटणं किंवा नजर फिरणं संशयास्पद ठरवू शकते. डिस्लेक्सिया असलेले बरेच जण पुटपुटूनच वाचतात. मंजुरीपत्रात 'मोठ्याने वाचण्यास परवानगी' हे शब्द घालून घ्या आणि ते पत्र देखरेख करणाऱ्यापर्यंत आधी पोहोचवा.

२०. मुलगा सवलत घ्यायला तयारच नाही. पालक म्हणून आम्ही अर्ज करू का?

त्याच्या नावाने, त्याच्या नकळत करू नका. तो सज्ञान आहे, अर्ज आणि माहिती दोन्ही त्याची. नकारामागे बहुतेक वेळा वर्गात वेगळं पडण्याची भीती असते किंवा शाळेत झालेला अपमान असतो. अशा वेळी कोणाला दिसणार नाही अशा सोयींपासून सुरुवात करायला सुचवा: फोनवर ऐकून वाचन, ध्वनिमुद्रण, आधी मिळालेल्या स्लाइड्स. यांना फार तर प्राध्यापकांची परवानगी लागते. सवलत मंजूर करून ठेवणं आणि ती वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याला सांगा. मंजुरी हातात ठेवून एखाद्या पेपरला ती न वापरण्याचं स्वातंत्र्य त्याच्याकडेच राहतं.

तो झोपत नसेल, जेवत नसेल, 'मी मूर्खच आहे' असं वारंवार म्हणत असेल, तर सवलतीचा विषय बाजूला ठेवून आधी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या. अर्ज पुढच्या सत्रातही करता येतो.